आकडा सापडता कामा नये

सार्वजनिक आरोग्याची आकडेवारी लोकांसाठी वेबवर खुली करायचं, म्हणजे आलेख-नकाशांचा डॅशबोर्ड बनवायचं काम तुमच्याकडे आलंय? अभिनंदन! आता एकच पथ्य पाळा: लोकांना आकडा सापडता कामा नये. सापडला की माणूस निघून जातो. मग ‘लोक पानावर सरासरी किती वेळ रमतात’ हे अहवालात कुठल्या तोंडाने दाखवणार?

बालमृत्यूदर म्हणजे वर्षाला एक आकडा. २० वर्षांचे २० आकडे साध्या एचटीएमएल तक्त्यात एक-दोन किलोबाइटमध्ये मावतात, पण तेवढंच केलंत तर सहा महिने टीम काय करत होती, असं कुणीतरी विचारेल. म्हणून एक फ्रेमवर्क घ्या, त्यावर आलेखांची लायब्ररी, नकाशाची आणखी एक, वर तीन फाँट. चार-पाच मेगाबाइट सहज भरतात. मधोमध गोल फिरणारं चक्र ठेवा. जुना फोन आणि मरतुकडं नेटवर्क घेऊन बसलेल्या आरोग्यसेविकेला तेवढाच विसावा.

नकाशा तर हवाच. १८५४ साली लंडनमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने नकाशावर घरागणिक मृत्यूंच्या काळ्या रेघा मारल्या. ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती त्या दाटलेल्या कुणालाही दिसतात. बिचाऱ्याकडे थ्रीडी नव्हतं, नाहीतर पंप कशाला दिसला असता! तुम्ही नकाशा फिरता ठेवा आणि लोकसंख्येने भागायच्या फंदात पडू नका. नुसती रुग्णसंख्या रंगवली की जिथे माणसं जास्त तिथे रुग्ण जास्त, हा शोध दर महिन्याला नव्याने लागतो. दर काढायचाच झाला तर ५०० वस्तीच्या गावाचाही लाखामागे काढा. एक मृत्यू, की दर थेट २००. पुढच्या वर्षी कुणी दगावलं नाही, की १०० टक्के घट. सत्कार त्याच आठवड्यात उरकून घ्या.

ज्या केंद्राने अहवालच पाठवला नाही, तिथे शून्य भरा. सगळ्यांत निरोगी तेच!

रंग लाल आणि हिरवाच. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना हे दोन रंग नीट वेगळे कळत नाहीत. साथ आणि आरोग्य यांत भेदभाव न करणारी अशी माणसं दुर्मीळच. मजकूर पांढऱ्यावर फिकट राखाडी. ४.५ ला १ हे कॉन्ट्रास्टचं, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं, किमान प्रमाण ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आहे, आपल्याला तर येतं. आकडा फक्त माउस नेल्यावर उमटावा, म्हणजे कीबोर्डवाले आणि फोनवाले एका फटक्यात बाद. अंधांना पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने ‘चित्र’ एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं.

राहिलं डाउनलोड. २०२० साली इंग्लंडमध्ये एक्सेलच्या जुन्या फॉरमॅटमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावेनात, आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून गळाले. आपण असला धोका पत्करायचा नाही. सीएसव्ही, म्हणजे कुणालाही उघडून आकडे वापरता येतील अशी साधी फाइल, देऊच नका. स्कॅन केलेली पीडीएफ द्या, किंचित तिरकी.

एवढं करूनही कुणीतरी फोन करून विचारेलच, ‘गेल्या वर्षी किती हो?’ तेव्हा डॅशबोर्ड उघडत बसू नका, तो तुमच्याकडेही लवकर उघडत नाही. जुनी शीट काढा, आकडा सांगा, फोन ठेवा. अर्ध्या मिनिटात काम होतं.