रस्ता बंद नाहीये हो!

मोरोक्कोतल्या फेस शहराच्या जुन्या भागात शिरलं, की कोणीतरी आडवा येतोच. "तिकडे जाऊ नका, रस्ता बंद आहे." अरे, समोरून गाढवं ओझी घेऊन येतायत, बायका भाजी घेऊन येतायत, मग बंद फक्त आमच्यासाठी? बाब बू जलूदच्या निळ्या कमानीपासून तलाआ कबीरा हा मुख्य रस्ता उतरत उतरत थेट अल-करावीन मशिदीच्या बाजूला जातो. पण त्या माणसाचं ऐकलं की संपलं! गल्लीबोळांतून फिरवून तो नेतो शुआराच्या कातडी कमावण्याच्या हौदांवर, चामड्याच्या दुकानात. हातात उग्र वासावर उतारा म्हणून पुदिन्याची काडी, पुढ्यात जॅकेटं, आणि वर वाट दाखवल्याचे दिरहम.

संताप कशाचा येतो सांगू? 859 साली उभी राहिलेली मशीद, कोरीव लाकूडकाम, सफ्फारीन चौकातली तांबटांची ठोकठोक, हे सगळं मान वर करून बघायचं. आणि नवखा प्रवासी चालतो मान खाली घालून, कुणाशी नजरानजर टाळत. खरोखर मदत करणाऱ्या भल्या म्हाताऱ्यालाही मग "नको, नको" म्हणून झटकलं जातं. रीतसर परवाना काढलेल्या गाइडांवरही कुणाचा विश्वास बसत नाही.