आसियान करारानं पाम तेलावर ३७.५ टक्के शुल्काची मुभा दिली होती, आपण साडेपाच लावले

सोयाबीनचा भाव पडला की इंदूरमध्ये छावणीच्या मंडीपासून राजवाड्याजवळच्या ओटल्यांपर्यंत एकच वाक्य फिरतं: "त्या करारानं मारलं शेतकऱ्याला." कुठला करार, असं विचारलं की एक जण आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) म्हणतो, दुसरा आरसेप (आशिया-पॅसिफिकमधला मोठा व्यापारी गट), तिसरा थेट डब्ल्यूटीओवर, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेवर जातो.

आरसेपचं आधी मिटवू. त्यात आपण नाहीच. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारतानं अंग काढून घेतलं, बाकीच्या १५ देशांनी पुढच्या वर्षी सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून तो गट चालू झाला. दुधासाठी ते बरंच झालं, कारण न्यूझीलंड आपल्या दुधाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग परदेशात विकतो. पण २०२४ च्या हंगामात माळव्यात सोयाबीन ४८९२ च्या हमीभावाखाली विकलं गेलं, त्याचं खापर आरसेपवर कसं फोडणार?

आसियानचं मात्र नीट वाचायला हवं, कारण सोया तेलाशी स्पर्धा करणारं पाम तेल मुख्यतः तिथून येतं. वस्तू-व्यापाराचा करार ऑगस्ट २००९ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०१० ला लागू झाला. ४८९ वस्तू आपण सवलतीतून साफ बाहेर ठेवल्या. पाम तेल, चहा, कॉफी, मिरी यांना 'विशेष उत्पादनं' म्हणून वेगळा रकाना मिळाला. कच्च्या पामवरच्या आयात शुल्काचा सुरुवातीचा दर ८० टक्के धरला आणि तो पायरीपायरीनं ३७.५ वर आणायचं ठरलं. रिफाइंड पामचा ९० वरून ४५. चहा-कॉफी १०० वरून ४५, मिरी ७० वरून ५०. शेवटची पायरी डिसेंबर २०१९ अखेर. त्यामुळे या करारात राहूनही कच्च्या पामवर ३७.५ टक्के मूळ शुल्क लावायची मुभा आपल्याला आहे.

आता प्रत्यक्षात काय लावलं ते बघा. एप्रिल २००८ मध्ये, म्हणजे करारावर सही व्हायच्याही आधी, कच्च्या खाद्यतेलांवरचं शुल्क आपणच शून्य केलं होतं. मार्च २०१८ मध्ये कच्चं पाम ४४ टक्क्यांवर नेलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये मूळ शुल्क पुन्हा शून्य, वर फक्त सेस आणि अधिभार. १४ सप्टेंबर २०२४ पासून एकूण २७.५ टक्के. मे २०२५ च्या शेवटी १६.५. आसियाननं आपल्याला साडेपाचवर या असं कधी सांगितलं नव्हतं. ते महागाईच्या आकड्याला घाबरून दिल्लीत ठरलं.

हे साडेपाच आणि साडेसोळा कुठून येतात, तेही सांगतो, कारण वर्तमानपत्रं कधी मूळ शुल्क छापतात, कधी एकूण, आणि मग वाद नुसता आकड्यांचा होतो. मूळ शुल्क, त्यात ५ टक्के कृषी पायाभूत सेस आणि या दोघांच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. मूळ शून्य असेल तर ५ आणि ०.५ मिळून ५.५. मूळ १० असेल तर १५ आणि १.५ मिळून १६.५. मूळ २० असेल तर २७.५. आणि हे बिलावरच्या किमतीवर लागत नाही. दर पंधरा दिवसांनी सरकार डॉलरमध्ये 'टॅरिफ व्हॅल्यू' जाहीर करतं, शुल्क त्यावर निघतं. रुपया घसरला की टक्केवारी तीच राहून शुल्काचे रुपये वाढतात.

मेक्सिकोनं हेच आपल्याआधी करून ठेवलंय. १९९४ मध्ये नाफ्टा, म्हणजे अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार, लागू झाला तेव्हा मक्यासाठी मेक्सिकोनं भक्कम तटबंदी मागून घेतली होती: वर्षाला २५ लाख टन अमेरिकन मका बिनशुल्क, त्यावरच्या मालाला सुरुवातीला २१५ टक्के, आणि हे पंधरा वर्षांत, २००८ पर्यंत, हळूहळू शून्यावर आणायचं. तेवढ्या काळात छोटा शेतकरी दुसऱ्या पिकाकडे वळेल अशी कल्पना. प्रत्यक्षात कोट्याबाहेरचा मका येत राहिला आणि त्यावरचं शुल्क सरकारनं वसूलच केलं नाही; पशुखाद्य आणि पीठ स्वस्त हवं होतं. कागदावर पंधरा वर्षं होती, शेतकऱ्याच्या वाट्याला ती आलीच नाहीत.

सोयाबीनचा गुंता पामपेक्षा अवघड आहे. सोया तेल आपल्याकडे आसियानमधून येत नाही, ते मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येतं. त्यावर डब्ल्यूटीओत आपणच ४५ टक्क्यांची कमाल मर्यादा मान्य करून बसलो आहोत. पामला ती ३०० आहे. पाम फार महाग केलं तर आयातदार सोया तेलाकडे वळतो आणि तिथे आपले हात ४५ वर बांधलेले.

त्यात सोयाबीन हे नावालाच तेलबी. एका क्विंटलमधून तेल निघतं साधारण १८ किलो, डीओसी म्हणजे पेंड ८० ते ८२ किलो. तेल किलोमागे १० रुपयांनी पडलं तर क्विंटलला १८० रुपयांचा फटका. पेंड किलोमागे फक्त ५ रुपयांनी पडली तरी ४०० रुपये गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये तेलावरचं शुल्क एका फटक्यात ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेलं, तरी ऑक्टोबरच्या आवकेत भाव हमीभावाला शिवला नाही, तो यामुळे. इथेनॉलच्या कारखान्यांतून मका-तांदळाचा प्रथिनयुक्त चोथा, डीडीजीएस, कोंबडीखाद्यात स्वस्तात येऊ लागला आणि पेंडीला गिऱ्हाईक कमी झालं. आपली पेंड बिगर-जीएम (जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याची) असल्यानं जगाच्या भावापेक्षा महाग बसते. ती घेणारे गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश, नेपाळ आणि युरोपातले काही देश. व्यापारी गटाचा माळव्याला खरा उपयोग झाला असता तो पेंडीच्या बाजारासाठी. वाटाघाटीच्या टेबलावर आपण कायम 'तेल अडवा' एवढंच म्हणत राहतो, 'पेंड घ्या' म्हणणारं कुणी दिसत नाही.

आणि जिथे गटामुळे खरोखर नुकसान होतं, त्या दाराकडे कुणाचं लक्ष नसतं. साफ्टा, म्हणजे सार्क देशांचा मुक्त व्यापार करार, २००६ पासूनचा. नेपाळमध्ये ना पाम पिकतं, ना पुरेसं सोयाबीन. तरी तिथून रिफाइंड तेलाचे टँकर बिहार-उत्तर प्रदेशात उतरतात, शुल्क शून्य. हिशोब सोपा आहे: इतर देशांच्या रिफाइंडवर आपल्याकडे ३५.७५ टक्के, नेपाळच्या मालावर काहीच नाही. आपण शुल्क जितकं वाढवू तितका तिथला रिफायनर जास्त कमावतो. सप्टेंबर २०२४ नंतर हा ओघ वाढला तो उगाच नाही.

हे रोखायची जागा म्हणजे मूळ देशाचे नियम. माल 'नेपाळी' कधी ठरतो? करारानुसार दोन प्रकारच्या कसोट्या असतात: तिथे ठरावीक टक्के मूल्य वाढलं का, आणि वस्तूचा जकात क्रमांक बदलला का. सगळा खेळ दुसऱ्या कसोटीत. सोया तेल कच्चं असो की रिफाइंड, चार अंकी क्रमांक १५०७ च; पामचा १५११. चार अंक बदलायलाच हवेत अशी अट असेल तर नुसतं रिफाइन करून भागत नाही. सहा अंकांवर भागत असेल तर १५०७१० चं १५०७९० झालं की काम फत्ते. करारात हे वाक्य एका ओळीचं असतं, कोट्यवधींचा फरक पाडतं, आणि त्यावर टीव्हीवर कधी चर्चा होत नाही. (मिरीवाल्यांनी हे श्रीलंकेच्या वाटेनं भोगलंय, शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत लावावी लागली.) सप्टेंबर २०२० पासून 'कॅरोटार' नियम आहेत: नुसतं प्रमाणपत्र दाखवून चालत नाही, मूल्यवाढ कशी झाली याची माहिती आयातदारानं स्वतःजवळ ठेवायची आणि पाच वर्षं जपायची. नियम चांगला आहे, पण सीमेवरच्या अधिकाऱ्यानं शंका घेतली तरच.

आयात अचानक वाढली तर शुल्क चढवू देणारी संरक्षणाची कलमंही वेळेत वापरली तरच कामाची. जानेवारी २०१९ मध्ये मलेशियाबरोबरच्या वेगळ्या करारामुळे त्यांचं रिफाइंड पाम ४५ वर आलं, इतरांचं ५० वर राहिलं. माल धो धो आला. उपाय झाला सप्टेंबरमध्ये, १८० दिवसांसाठी ५० टक्के. मधले आठ महिने आपल्या रिफायनऱ्यांनी काय करायचं होतं?

"मग पोलंड कसा सुधारला?" हा प्रश्न हमखास येतो. पोलंड २००४ मध्ये युरोपियन युनियनमध्ये गेला, तिथे सामाईक तिजोरी आहे. शेतकऱ्याला थेट अनुदान पहिल्या वर्षी जुन्या सदस्यांच्या २५ टक्के मिळालं, ते वाढत २०१३ मध्ये १०० वर गेलं. बदल्यात दुधाचा कोटा आला, स्वच्छतेचे कडक नियम आले आणि छोट्या डेअऱ्या बंद पडल्या. आसियान, साफ्टा किंवा आरसेपमध्ये अशी तिजोरीच नाही. तिथे भरपाई द्यायची तर ती भोपाळ-दिल्लीच्या खिशातून, हमीभाव आणि बाजारभावातला फरक देणाऱ्या भावांतर योजनेसारखी.

आसियान कराराचा फेरविचार चालू आहे. 'करार मोडा' अशा घोषणेनं मालवाहू जहाज थांबत नाही. मागायचंच तर हे मागा. तेलाचा दर मेच्या आधी जाहीर करा आणि ऑक्टोबरची आवक संपेपर्यंत हलवू नका; २०२५ मध्ये पेरणीला पंधरा दिवस असताना ११ टक्के उतरवले, तसं नको. साफ्टातल्या खाद्यतेलाला चार अंकी बदलाची अट घाला किंवा वर्षाचा कोटा बांधा. सोयाबीनचा वायदे बाजार २० डिसेंबर २०२१ पासून स्थगित केला, तो उघडा, म्हणजे जूनमध्ये पेरताना ऑक्टोबरचा अंदाज तरी येईल. आणि पुढच्या वाटाघाटीला जाताना २३०४ हा क्रमांक, म्हणजे सोयापेंड, आपल्या मागण्यांच्या यादीत पहिल्या पानावर लिहा.