उजनीला दरडोई कळत नाही

शाळेच्या ग्रुपवर मे उजाडला की तो फॉरवर्ड येतोच. सगळं जग जर्मनांसारखं जगलं, तर पृथ्वी वर्षभरात देऊ शकते ते सगळं ३ मेलाच संपेल. भारतीयांसारखं जगलं, तर वर्ष सरूनही उरेल. २०२५ चा हिशेब. त्याखाली मोहोळच्या माझ्या ऊस बागायतदार मित्राची ओळ: "मर्यादा आम्हाला काय शिकवता बे? आधी तुमचं बघा." 'तुमचं' म्हणजे माझं, कारण मी जर्मनीत कोलोनला राहतो.

हिशेब खोटा नाही. दरडोई कार्बन इथं भारताच्या तिपटीहून जास्त. जवळच गार्त्सवायलरची लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची खाण. तिच्यासाठी ल्युत्सेराथ गाव पोलिसांनी जानेवारी २०२३ मध्ये रिकामं केलं. आणि आम्ही दह्याचे डबे धुऊन पिवळ्या कचरापेटीत टाकतो!

पण म्हणून उसाला मोकाट पाणी सोडायचं? धूर हवेत मिसळतो, कोलोनचा कुठला नि मोहोळचा कुठला हे वेगळं काढता येत नाही. तिथं दरडोई भांडण रास्तच. पण उजनी धरणावर जर्मन माणूस पाणी प्यायला येत नाही. धरण ११७ टीएमसीचं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आपण तोही उपसत उपयुक्त साठ्याच्या उणे ५० टक्क्यांच्या खाली गेलो. सोलापूर जिल्ह्यात पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, उसाला लागतं दीड ते अडीच हजार. मधली तूट कालवा आणि बोअर भरतात. शहरात आई अजून बोलता बोलता "पाणी आलं, ठेवते" म्हणून फोन कापते.

स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये पृथ्वीच्या ओलांडू नयेत अशा नऊ सीमा मांडल्या, त्यात हवामान वेगळं, गोडं पाणी वेगळं, खतातलं नत्र-स्फुरद वेगळं. एकीकडं शिल्लक आहे म्हणून दुसरीकडं उधळायची सोय त्यात नाही. हे ग्रुपवर लिहिलं तर त्याच मित्राचं उत्तर आलं, "तुरीला एफआरपी मिळवून दे, उद्या ऊस मोडतो."

एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान दर. याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि चीड त्याचीच येते. इथल्या शेतकऱ्यांना मिळणारं अनुदान मला तोंडपाठ आहे, पण ते मोहोळच्या बांधावर काय कामाचं?

शिवाय माझी इंजिनिअरिंगची फी उसाच्या बिलातूनच गेली. अण्णांनी बोअर मारला, ज्वारी मोडून ऊस लावला, म्हणून मी इथं बसून ऱ्हाइनच्या पाण्याची पातळी मोबाइलवर बघू शकतो. गेल्या वर्षी वाटेकऱ्याला म्हटलं, यंदा आपल्या रानात तूर घेऊ. तो म्हणाला, "दादा, तुम्ही युरो खाताय. तुरीवर माझं घर चालंल का?" तोवर त्यानं कारखान्याला उसाची नोंद देऊनही टाकली होती. सातबारा माझा, म्हणून नोंदही माझ्याच नावानं.