वर्गातला रोल-प्ले: ‘नाटकं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

प्राध्यापकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कॉलेजात रोल-प्ले (मुलांनी वकील, अशील अशा भूमिका करून शिकणं) घेणं म्हणजे पोर्शनचा वेळ वाया घालवणं, आत्मविश्वास उपजतच असावा लागतो, लाजाळू मुलांची यात नुसती फजिती होते, आणि खरं शिकायचं तर इंटर्नशिप करा, वर्गात नाटकं कशाला? मी मुंबईत कायदा शिकवते. यातला फजितीचा आक्षेप मला गंभीर वाटतो. बाकीचे टिकत नाहीत.

‘उपजत’चं आधी बघू. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली सेल्फ-एफिकसीचा सिद्धांत मांडला. ‘हे काम मला जमेल’ हा विश्वास एकेका कामापुरता असतो, माणसाच्या स्वभावाला सरसकट चिकटलेला नसतो. एकांकिका गाजवणारी मुलगी अशिलासमोर गप्प होऊ शकते. हा विश्वास वाढायच्या चार वाटा बंडुरांनी सांगितल्या: काम स्वतः पार पाडणं, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, भरवशाच्या माणसाने धीर देणं, आणि छातीतली धडधड म्हणजे आपला नालायकपणा नव्हे हे कळणं. सगळ्यात जोर पहिल्या वाटेत. नुसत्या लेक्चरने फार तर तिसरी वाट उघडते.

आता वेळ. आमच्या वर्गातला एक प्रसंग जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा असतो. एक विद्यार्थी सेक्रेटरी, एक सही न देणारे आजोबा, एक वकील. पहिल्या फेरीत वकील सहकार कायद्याचं ७९-अ कलम धडाधड म्हणून दाखवतो. आजोबा झालेला मुलगा म्हणतो, “बाळा, कलम राहू दे. बिल्डरने मध्येच भाडं थांबवलं तर मी कुठे जायचं?” वकील गडबडतो. बँक गॅरंटी (बिल्डरने शब्द मोडला तर पैसे देण्याची बँकेची हमी) कशासाठी मागायची हे त्याने वाचलेलं असतं, पण ते या प्रश्नाचं उत्तर आहे हे त्याला तिथे उमगतं. दुसऱ्या फेरीत तो आधी विचारतो, “काका, तुम्हाला कसली भीती वाटते?” हा पोर्शनच झाला, आणि तो परीक्षेनंतरही डोक्यात राहतो.

हे नवं फॅडही नाही. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर रुग्णाची भूमिका करायला शिकवलेले ‘रुग्ण’ बसवले होते. आपल्या बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांत मूट कोर्ट, म्हणजे सरावासाठी चालवलेला लुटुपुटूचा खटला, सक्तीचं आहे. पर्यायी तंटानिवारणाचा (कोर्टाबाहेर तंटा मिटवण्याचा) विषय तर सिम्युलेशन, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करणं, आणि केस स्टडीतूनच शिकवावा, असं त्यांत म्हटलंय. मूट कोर्टाला कुणी नाटक म्हणत नाही.

फजितीचं मात्र खरं आहे. भरलेल्या वर्गासमोर एखाद्या मुलीला अचानक उभं करायचं, मागच्या बाकांवरून हशा, आणि वर कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करतंय. अपयशाचा असा अनुभव, तोही सुरुवातीलाच, विश्वास वाढवण्याऐवजी मोडतो. हे बंडुरांच्याच मांडणीत बसतं. पण हा दोष रोल-प्ले घेण्याच्या पद्धतीचा आहे. तिघांचे गट करा: दोघं बोलतील, तिसरा नोंदी घेईल. बुजऱ्या मुलांना आधी निरीक्षक होऊ द्या. मोबाईल बॅगेत. सोपा अशील आधी, चिडलेला नंतर. मात्र सगळंच सोपं ठेवू नका, कारण फुकट मिळालेलं यश पहिल्या ठेचेला कोसळतं. शेवटी चर्चा हवीच, आणि तीत भूमिका करणाऱ्याने आधी बोलावं. “छान केलंस” एवढं पुरत नाही. “अशील रडायला लागल्यावर तू थांबलीस, ते बरोबर होतं” असं नेमकं सांगावं लागतं.

आणि इंटर्नशिप? ती हवीच. पण फोर्टातल्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याच्या हाती अशील कुणी देत नाही, देऊही नये. तिथली चूक अशिलाच्या घरावर येते. बार कौन्सिलच्या नियमांतही विद्यार्थ्याने अशिलाच्या दोन मुलाखती पाहून डायरीत नोंदवायच्या आहेत. पाहणं ही दुसरी वाट. पहिलीसाठी चुकायला मोकळीक असलेली जागा लागते, आणि ती वर्गातच मिळते.

‘जमेल’ वाटणं आणि खरोखर जमणं यांत अंतर राहू शकतं. म्हणून विद्यार्थ्याला कसं वाटलं एवढंच विचारून भागत नाही. दुसऱ्या फेरीत त्याने काय वेगळं केलं, ते निरीक्षकाच्या नोंदीत दिसलं पाहिजे. टाइमटेबल आखडतं असेल तर एक प्रसंग गाळा, दुसरी फेरी गाळू नका.