‘तीन दिवस लिंबूपाणी द्या, टेस्ट साफ येते’ : पालकांच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘मुलगा गांजा ओढतो हे कळलं तर घाबरू नका’ अशी त्याची सुरुवात. पुढचा मजकूर थोडक्यात असा: गांजा हा झाडपाला आहे, शंकराला प्रिय आहे, त्याचं व्यसन लागत नाही. अमेरिका-कॅनडात तो कायदेशीर झालाय. भारतात नोकरी देताना कुणी तपासत नाही, आणि तपासलंच तर तीन दिवस लिंबूपाणी आणि भरपूर पाणी दिलं की लघवी साफ येते. शेवटी ठळक अक्षरात: डॉक्टरकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात अजिबात नेऊ नका, एकदा नाव नोंदलं गेलं की पोराला जन्मात नोकरी लागत नाही.

मी राजारामपुरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नोकरीच्या मेडिकलचे नमुने आमच्याकडे येतात, आणि हल्ली हा मेसेज मोबाईलवर उघडून आईवडीलही काउंटरवर येतात. लिंबू किती, किती दिवस, उपाशीपोटी की जेवल्यावर, असं विचारतात. त्यांची काळजी खरी असते. त्यांच्या हातात दिलेली माहिती मात्र चुकीची आहे, आणि काही ठिकाणी धोक्याची.

लिंबूपाण्यापासूनच सुरुवात करते. गांजातला नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी. तो पाण्यात नाही, चरबीत विरघळतो. शरीर त्याचं हळूहळू कार्बॉक्सी-टीएचसी नावाच्या पदार्थात रूपांतर करतं आणि लघवीच्या तपासणीत शोधतात तो हाच. चरबीत साठलेलं टीएचसी थोडंथोडं रक्तात उतरत राहतं, म्हणून ओढणं थांबल्यावरही हा पदार्थ लघवीत येत राहतो. एखाद्या वेळीच ओढलेलं असेल तर साधारण तीन दिवस, आठवड्यातून काही वेळा ओढत असेल तर पाच-सात दिवस, रोज ओढत असेल तर दहा-पंधरा दिवस, आणि बरेच महिने भरपूर ओढणाऱ्याच्या बाबतीत महिन्याहूनही जास्त. माणसाच्या अंगातल्या चरबीनं आणि गांजा किती कडक आहे त्यानं यात फरक पडतो. ज्याची लघवी तीन दिवसांत साफ होते त्याची लिंबाशिवायही होते. रोज ओढणाऱ्याची लिंबानं होत नाही. चरबीत बसलेला पदार्थ बाहेर काढायची ताकद लिंबात नाही.

भरपूर पाण्यानं लघवी पातळ होते हे खरं, पण लॅब तेही बघते. लघवीत नेहमी असणारं क्रिएटिनिन प्रति डेसिलिटर २० मिलिग्रॅमच्या खाली आणि सोबत विशिष्ट गुरुत्वही, म्हणजे लघवीचा दाटपणाही कमी, असं दिसलं की नमुना ‘डायल्यूट’ (पातळ केलेला) म्हणून नोंदतात आणि उमेदवाराला पुन्हा बोलावलं जातं. नमुना ताजा आहे का हे बघायला कपाच्या बाजूला तापमानाची पट्टी असते, नमुना दिल्यापासून चार मिनिटांच्या आत तिनं ३२ ते ३८ अंश दाखवायला हवेत. नियम काटेकोर पाळतात तिथं, नमुन्यात पाणी मिसळता येऊ नये म्हणून, फ्लशच्या टाकीत निळा रंग सोडलेला असतो, बेसिनचा नळ बंद असतो, जॅकेट आणि बॅग बाहेर ठेवावी लागते. पोरांना वाटतं तितकी ही माणसं भोळी नाहीत.

शिवाय हे उपाय करून बघायलाही सुरक्षित नाहीत. थोड्या वेळात लिटरच्या लिटर पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ होते, गोंधळल्यासारखं होतं, झटकेही येऊ शकतात. काही जण यासाठी नायसिनच्या (बी-३ जीवनसत्त्वाच्या) गोळ्या मूठभर खायला सांगतात, अशा मात्रेनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आपल्या पोराला हे आपल्याच हातानं द्यायचं नाही.

घरच्या तपासणीबद्दल मेसेजमध्ये काही नाही, पण मेसेज वाचणारेच लघवी तपासायच्या पट्ट्या ऑनलाइन मागवतात, म्हणून इथं थोडं थांबते. उद्यमनगरातले एक लेथवाले काका एकदा मोबाईलमधला फोटो दाखवत म्हणाले, “मॅडम, दोन रेघा आल्यात बघा. काल कंबरपट्ट्यानं मारलंय पोराला.” फोटोत दोन्ही रेघा ठळक होत्या. म्हणजे तपासणी निगेटिव्ह होती. गरोदरपणाच्या चाचणीत दोन रेघा म्हणजे ‘आहे’, हे घराघरात माहीत असतं आणि लोक तोच हिशेब इथं लावतात. गांजाच्या पट्टीत उलट असतं. पट्टीवरच्या रंगीत अँटिबॉडींना लघवीत तो पदार्थ भेटला नाही तर त्या ‘टी’च्या (टेस्टच्या) जागी जाऊन अडकतात आणि रेघ उमटते. पदार्थ भेटला तर त्या त्यालाच धरून पुढे निघून जातात आणि टीची जागा कोरी राहते. ‘सी’ची (कंट्रोलची) रेघ पट्टी नीट चालली एवढंच सांगते. म्हणून ‘सी’ आणि ‘टी’ दोन्ही रेघा म्हणजे निगेटिव्ह, टीची रेघ फिकी असली तरी निगेटिव्हच. नुसती सी म्हणजे पॉझिटिव्ह. सी नसेल तर पट्टीच बाद. काका बराच वेळ बाकड्यावर बसून राहिले. मग म्हणाले, “आता त्याला काय सांगू मी?” मी म्हटलं, “हेच सांगा काका, पट्टी वाचायला चुकली म्हणून. आणि माफी मागा.”

पॉझिटिव्ह आलं तरी तो शेवटचा शब्द नसतो. पट्टीची तपासणी प्राथमिक असते, साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये ५० नॅनोग्रॅमच्या वर गेलं की ती पॉझिटिव्ह दाखवते. ॲसिडिटीसाठी घरोघरी घेतात त्या पॅन्टोप्राझोलच्या गोळीनंही गांजाची प्राथमिक तपासणी खोटी पॉझिटिव्ह आल्याच्या नोंदी आहेत. मास स्पेक्ट्रोमेट्रीची, म्हणजे नेमका पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावरची पक्की तपासणी झाल्याशिवाय कुणालाही दोषी धरू नये, कंपनीनं नाही आणि बापानंही नाही. आणि ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा तपशील लिहितेय ती अशी: कार्बॉक्सी-टीएचसीनं नशा येत नाही. तो मागे राहिलेला अवशेष असतो. रोज ओढणाऱ्या पोरानं मनापासून सोडलं, दोन आठवडे हात लावला नाही, आणि तुम्ही पट्टी लावली, तर ती अजून पॉझिटिव्ह येऊ शकते. “सोडलं म्हणतोस आणि हे काय?” असं ओरडून तुम्ही त्या क्षणी एका खरं बोलणाऱ्या मुलाला खोटं ठरवता. पुढच्या वेळी तो खरं सांगायच्या भानगडीत पडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की मुलाच्या नकळत त्याची लघवी तपासू नये.

‘मित्र ओढत होते, धूर माझ्या अंगात गेला’ हे मात्र उघड्या कट्ट्यावर बसून होत नाही. बंद, कोंदट खोलीत भरपूर धूर कोंडला तरच पॉझिटिव्ह येण्याइतका आकडा यायची शक्यता असते, तीही क्वचित.

‘भारतात कुठं कोण तपासतंय’ हा मुद्दा निम्मा खरा आहे. खासगी नोकरीतल्या ड्रग टेस्टसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही आणि प्रत्येक कारखाना तपासतो असंही नाही. पण विमान वाहतूक क्षेत्रात डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांनुसार ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक, केबिन क्रू, हवाई वाहतूक नियंत्रक यांची अचानक तपासणी होते आणि त्यात गांजा आहे. मर्चंट नेव्हीत जहाज कंपन्या भरतीच्या मेडिकलला तपासतात, पुढे जहाजावर न सांगताही तपासतात. आपल्याकडची किती पोरं बारावीनंतर जहाजाची स्वप्नं बघतात ते मी वेगळं सांगायला नको. भांगेबद्दलही इथंच सांगते. नुसत्या पानांची भांग केंद्राच्या अमली पदार्थ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाही, पण टीएचसी तिच्यातही तेच असतं. शिवरात्रीच्या ग्लासानंतर मेडिकल असेल तर लघवी कायदा विचारत नाही.

आणि शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत टेस्ट होवो न होवो, तिथं ओतायचं लोखंड १४०० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. गांजानं प्रतिक्रियेचा वेळ वाढतो आणि एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवणं अवघड होतं. भट्टीजवळ उभ्या असलेल्या पोराच्या आईनं रिपोर्टआधी त्याच्या हातापायांची काळजी करावी.

आता ‘झाडपाला’. धोतराही झाडपालाच आहे. रस्त्याकडेला उगवतो, शंकराला वाहतात, आणि तो विषारी आहे हे खेड्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं. देवाला वाहिलं म्हणून सतरा वर्षांच्या मेंदूला चालतं, असा अर्थ कुणीही भक्त काढणार नाही.

व्यसन लागत नाही हे तर सरळ खोटं. गांजा ओढणाऱ्यांपैकी साधारण दहातला एक जण त्यात अडकतो, किशोरवयात सुरुवात केलेल्यांमध्ये सहातला एक, असा अंदाज अनेक वर्षं मांडला जातो. बाकीचे अडकत नाहीत हेही तितकंच खरं, म्हणून एकदा ओढलेल्या पोराला ‘गर्दुल्ला’ म्हणून घराबाहेर काढायचं कारण नाही. रोज ओढणाऱ्यानं सोडलं की पहिला आठवडा वाईट जातो. चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, अस्वस्थपणा. हे दोनेक आठवड्यांत ओसरतं. घरात नेमकं याच दिवसांत भांडण पेटतं, कारण आईबापांना वाटतं पोरगं आणखी बिघडलं. प्रत्यक्षात ते सोडायची धडपड करत असतं.

मानसिक आजाराबद्दल घाबरवणारे मेसेजही फिरतात, म्हणून तेही नीट सांगते. स्वीडनमध्ये सक्तीच्या लष्करी भरतीला आलेल्या ४५ हजारांहून जास्त तरुणांचा पाठपुरावा करून १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भरतीच्या वयापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळलं. याचा अर्थ प्रत्येक ओढणारा वेडा होतो असा नाही, बहुतेकांना तो आजार होत नाही. पण घरात काका, मामा, आजी कुणाला असा आजार असेल तर त्या घरातल्या मुलासाठी हा धोका इतरांपेक्षा मोठा आहे, आणि त्याला ते कारणासकट सांगायला हवं. बहुतेक घरांत नेमकं हेच झाकून ठेवतात.

अमेरिका-कॅनडाचा दाखला देणाऱ्यानं तिथले नियम वाचलेले दिसत नाहीत. कॅनडानं ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजाला परवानगी दिली ती प्रौढांना, तिथल्या बहुतेक प्रांतांत वयाची अट १९ आहे. अमेरिकेत ज्या राज्यांनी मौजेसाठी परवानगी दिली तिथं अट २१ वर्षांची. त्याच राज्यांत ट्रक चालवणाऱ्याची आणि वैमानिकाची केंद्रीय नियमानुसार तपासणी होतेच, आणि त्यात गांजा सापडला तर राज्याचा कायदा त्याला वाचवत नाही. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे वर सांगितलेला केंद्राचा अमली पदार्थ कायदा लागू आहे. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरतात, पण तो जवळ बाळगला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे खिशातली पुडी हा गुन्हाच आहे.

राहिला शेवटचा, ठळक अक्षरातला मुद्दा. सगळ्यात जास्त नुकसान यानंच होतंय. बाकीच्या चुकांनी लिंबं वाया जातात, या वाक्यामुळे पोराचे उपचाराचे महिने वाया जातात.

डॉक्टरकडे गेल्यानं मुलाचं नाव कुठल्या नोकरीच्या यादीत जात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये व्यसनाशी निगडित त्रासही येतो आणि कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये तर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे, फक्त उपचार पूर्ण करावे लागतात. मुलगा अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी उघड करायची नाही, असं बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ सांगतं. याच कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाच्या हातात अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायद्याचा रोख पुडी विकणाऱ्यावर आहे. मेसेज मात्र आईबापांना लपवायला लावतो, आणि त्यात विकणाऱ्याचं फावतं.

म्हणून मेसेज पुढे पाठवायच्या आधी हे करा. मुलगा शांत असेल, नशेत नसेल, तेव्हा त्याला विचारा: कधीपासून, किती वेळा, एकटा की कुणाबरोबर, आणि ओढल्यावर कशातून सुटल्यासारखं वाटतं. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. झोप, परीक्षा, एकटेपणा, घरातली भांडणं, उत्तर बहुतेक वेळा इथं सापडतं, आणि मानसोपचारतज्ज्ञ पहिल्याच भेटीत तेच विचारतात. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, दोन्हीकडे फोनला पैसे पडत नाहीत. मुलगा यायला तयार नसेल तर पहिल्यांदा आईवडील एकटे गेले तरी चालतं.