पऱ्यांच्या चित्रांखालची ती अर्थांची यादी

इंग्रजी जलरंगातल्या पऱ्यांची चित्रं आणि खाली अर्थांची यादी, असा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. पंख म्हणजे प्राचीन लोकपरंपरेतली आत्म्याची मुक्ती, परी म्हणजे निरागसता, पुसट रंग म्हणजे स्वप्न. आणि हे चित्रकार म्हणे पऱ्या खऱ्याच मानत. चित्रं देखणी आहेत, वादच नाही. यादी मात्र त्यांच्यासमोर टिकत नाही.

आधी पंख. ब्रिटनच्या जुन्या लोककथांतल्या पऱ्यांना सहसा पंख नसतातच. इंग्रजी कवी अलेक्झांडर पोपने 1714 मध्ये आपल्या काव्यातल्या परीसारख्या वायुजीवांना कीटकांचे पंख दिले आणि 1798 मध्ये चित्रकार टॉमस स्टोथार्डने त्याच काव्यासाठी त्यांना फुलपाखराचे पंख लावून चितारलं. फुलपाखरू म्हणजे आत्मा, ही कल्पना ग्रीकांच्या सायकीकडची, म्हणजे त्यांच्या आत्म्याच्या देवतेकडची.

निरागसतेचं म्हणाल, तर चित्रकार रिचर्ड डॉईलचं 1870 चं ‘इन फेअरीलँड’ हे चित्रांचं पुस्तक उघडा. गोगलगायींच्या शर्यती लावलेल्या, फुलपाखराला छळणं चाललेलं. आधी हसू येतं, मग जरा कसंतरीच होतं. त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स दारूपायी स्कॉटलंडमधल्या माँट्रोजच्या मनोरुग्णालयात पोचला. तिथल्या 1889 च्या वहीत त्याने पऱ्या रंगवल्या, आणि आपण वेडे नाही हेही तो त्याच वहीत पटवून देत होता. तिथल्या पऱ्यांवर ‘निरागसता’ असं लेबल लावायला मन धजत नाही. (शेरलॉक होम्सचा जनक आर्थर याच चार्ल्सचा मुलगा. इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावच्या दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटो त्याने 1920 मध्ये खरे मानले. त्या पऱ्या कागदाच्या होत्या.)

पुसट रंगांचं थोडक्यात. पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या आर्थर रॅकमची चित्रं शाईच्या ठाम रेघेवर उभी आहेत, वर पातळ रंगाचे थर. तीन रंग एकावर एक छापण्याच्या पद्धतीत रंग किंचित सरकला तरी रेघ आकार सांभाळून घ्यायची. म्हणजे कारण बरंचसं छापखान्यातलं.

राहिली श्रद्धा. इंग्रजी चित्रकार सिसली मेरी बार्करच्या फुलपऱ्या 1923 पासून घराघरांत पोचल्या. तिच्या पऱ्या म्हणजे बहिणीच्या बालवाडीतली पोरं. पंख काटक्या आणि जाळीदार कापडाचे. फुलं मात्र समोर ठेवून, पाकळी न् पाकळी बघून काढलेली. 1948 च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तिने सरळ लिहून टाकलं की झाडं-फुलं खऱ्यांवरूनच काढली आहेत, परी मात्र आपण कधीच पाहिलेली नाही.