गोळीऐवजी कविता नको, पण वॉर्डात कविता हवी

"वाचनाने नैराश्य जातं" असं कुणी ठोकून दिलं की मला धसका बसतो. आता या माणसाचं ऐकून कुणी गोळ्या बंद केल्या म्हणजे? पण मानसिक आरोग्याच्या वॉर्डात वाचनगट असावा, या मताची मी कट्टर समर्थक आहे.

या बाबतीत इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या 'द रीडर' या धर्मादाय संस्थेचं काम बघण्यासारखं आहे. तिथल्या विद्यापीठात साहित्य शिकवणाऱ्या जेन डेव्हिस यांनी नदीपलीकडच्या बर्कनहेडमध्ये २००० नंतर लगेचच असे गट सुरू केले. पद्धत साधी. घरून काही वाचून यायचं नाही. गट चालवणारी व्यक्ती गोष्ट किंवा कविता मोठ्याने वाचते, मध्येच थांबते. ज्याला बोलावंसं वाटेल तो बोलतो, बाकीच्यांनी नुसतं ऐकलं तरी चालतं. (आपल्याकडे पोथी ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटू नये. फक्त इथे निरूपणकार नसतो, अर्थ सगळ्यांनी मिळून लावायचा.)

पुढे 'मर्सी केअर' या एनएचएसच्या (म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) ट्रस्टबरोबर हे गट मानसिक आरोग्याच्या वॉर्डांत गेले. मला यातली कामाची वाटणी आवडते. ट्रस्टने जागा द्यायची, पेशंटपर्यंत निरोप पोचवायचा, कुणाला त्रास झाला तर सांभाळायचं. संस्थेने वाचायला काय घ्यायचं ते निवडायचं आणि प्रशिक्षित माणूस पाठवायचा. त्या तासाभरात कुणी कुणाचं निदान विचारत नाही. पात्राने घर का सोडलं यावर वाद होतो, आणि त्या वादात पेशंटचं मत नर्सच्या मताइतकंच वजनदार असतं. हॉस्पिटलात अशी जागा दुसरी कुठली असते?

लिव्हरपूलमध्येच जुनाट दुखण्याच्या पेशंटांवर एक छोटा अभ्यास झाला. सीबीटीच्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराच्या) गटात लोक दुखण्याबद्दल बोलत. वाचनगटात मात्र बालपण, नोकरी, नाती, असं सगळं आयुष्य निघालं. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण दुखणं सोडूनही आपल्याकडे बोलण्यासारखं काही आहे, हे त्या माणसांना तिथे सापडलं. मला तेवढं पुरे आहे.

आता खटकणारी गोष्ट. २०१९ नंतर इंग्लंडमध्ये 'सोशल प्रिस्क्रायबिंग'चा जोर वाढला. म्हणजे जीपी (तिथला फॅमिली डॉक्टर) पेशंटला लिंक वर्करकडे, म्हणजे अशी गाठ घालून देणाऱ्या माणसाकडे पाठवतो, आणि तो गावातल्या एखाद्या गटाकडे. लिंक वर्करचा पगार आरोग्यसेवेच्या पैशातून निघतो. ज्या गटाकडे माणसं पाठवायची, त्याने मात्र बऱ्याचदा देणग्या आणि अनुदानांच्या मागे फिरायचं! याला भागीदारी म्हणत नाहीत. पेशंट तुमचे असतील, तर खर्चातही वाटा उचला.

आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. या चारही ठिकाणी सार्वजनिक वाचनालयंही आहेत. त्यांनी हात मिळवला तर आठवड्याला एक तास सहज निघेल. सुरुवातीला पुस्तकांच्या पेट्या देणगीत घेऊ नका, त्या कपाटात पडून राहतात. आधी वाचणारी माणसं तयार करा, त्यांना वॉर्डात कसं वागायचं ते शिकवा, आणि मानधन द्या. "मानधन कशाला, सेवाभावी लोक मिळतीलच की" असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांना एकच विनंती: पुढचं वर्षभर दर मंगळवारी दुपारी तीन वाजता तुम्ही मोकळे आहात का, तेही सोबत लिहा.